रोहिणीचे पाच दाणे आणि मुलांची डिजिटल गोष्ट

ज्ञाताधर्मकथा या आगमातील रोहिणीची कथा बहुतेक जैन घरांत कधी ना कधी सांगितली गेलेली असते. राजगृहीच्या धन्य सार्थवाहाने आपल्या चार सुनांना भाताचे पाच-पाच दाणे दिले आणि मागेन तेव्हा परत करा, असे सांगितले. उज्झिकेने विचार केला, कोठारात भात पुष्कळ आहे, मागितले की तेथून देऊ. आणि तिने दाणे टाकून दिले. भोगवतीने ते सोलून खाल्ले. रक्षिकेने वस्त्रात बांधून दागिन्यांच्या डब्यात जपून ठेवले. रोहिणीने मात्र ते माहेरी पाठवून पेरायला सांगितले. पाच वर्षांनी सासऱ्याने दाणे परत मागितले, तेव्हा तिने ते आणण्यासाठी गाड्या मागितल्या. सासऱ्याने घराचा सारा कारभार तिच्याच हाती सोपवला.

आगमात हे पाच दाणे म्हणजे पाच महाव्रते होत, आणि तोच त्या कथेचा खरा अर्थ आहे. तथापि व्यवहाराचीही एक शिकवण तिच्यात दडलेली आहे. दाणे चौघींना सारखेच मिळाले होते आणि चौघींनाही फुकट मिळाले होते. फरक पडला तो पुढे त्यांचे काय केले यामुळे.

आजच्या शालेय विद्यार्थ्याच्या हातात असेच काही दाणे पडलेले आहेत. लिहिण्याची, चित्र काढण्याची, आवाज नोंदवण्याची, चित्रपट जोडण्याची आणि गोष्टीचे पुस्तक प्रसिद्ध करण्याची साधने आज एक पैसाही न देता मिळतात. पुण्यातील बहुतेक मध्यमवर्गीय घरांत एखादा स्मार्टफोन असतोच, आणि अनेक घरांत जुना का होईना, संगणकही असतो. तरीही त्या साधनांचा उपयोग बहुधा भोगवतीसारखा होतो. दुसऱ्याने केलेले पाहायचे आणि संपवायचे. ती पेरायची कशी, हा या लेखाचा विषय आहे.

वेळ थोडा उरला आहे

आधी पेरण्याजोगे काय आहे, ते पाहू. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले. जवानांनी वाळूची पोती रचून बांध सावरून धरला होता, म्हणून तो रात्री न फुटता दिवसा फुटला आणि असंख्य जीव वाचले, असे जुने पुणेकर आजही कृतज्ञतेने सांगतात. पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही गेले. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, लकडी पुलावरून लोंढा वाहिला, वाडे कोसळले, दुकानांतील माल आणि वह्या चिखलात गेल्या. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. आजच्या पुण्याच्या रचनेवर त्या एका दिवसाची खूण आहे.

त्या दिवशी दहा वर्षांचे असलेले मूल आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे. पुराची माहिती पुस्तकांत आणि अहवालांत आहे, ती राहीलच. पण वाड्याच्या माळ्यावर चढताना आईने कोणती वस्तू आधी उचलली, त्या रात्री कोणाच्या घरी झोपायला मिळाले, पाणी ओसरल्यावर दुकानाच्या पायरीवर वडील किती वेळ नुसते उभे होते, या गोष्टी केवळ त्या आजी-आजोबांपाशी आहेत. त्या मागितल्याशिवाय मिळत नाहीत, आणि मागायला फार वर्षे उरलेली नाहीत.

हीच गोष्ट दुसऱ्या एका आठवणीची. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याजवळ वाघोलीस आणले. ती मुले आज स्वतः आई-वडील झाली आहेत. समाजाला ज्याचा रास्त अभिमान वाटतो त्या कामाची गोष्ट, त्या कामात वाढलेल्यांच्या आवाजात, पुढच्या पिढीने ऐकायला नको का? मारवाडातून, गुजरातेतून वा कच्छमधून निघून पुण्याच्या पेठांत स्थिरावलेल्या प्रत्येक घराण्यापाशी अशी एखादी तरी गोष्ट असते. अनेकदा ती ज्या घरगुती बोलीत आहे, ती बोलीही नातवंडांच्या तोंडून निसटत चालली आहे.

कला जुनी, साधन नवे

'डिजिटल गोष्ट' या शब्दाने बुजून जाण्याचे कारण नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात जो लॅम्बर्ट, डेना ॲचली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकाराला आकार दिला. दोन-तीन मिनिटांची गोष्ट, सांगणाऱ्याचा स्वतःचा आवाज आणि घरातील काही स्थिर छायाचित्रे, एवढेच तिचे मूळ स्वरूप. महागडा कॅमेरा नको, नट नकोत. कधीही चित्रफीत न केलेली सामान्य माणसेही त्यांच्या कार्यशाळांत येऊन काही दिवसांत आपली गोष्ट पूर्ण करून जात.

महाराष्ट्राला ही रीत अपरिचित नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी एकामागून एक चित्र समोर धरून कथा गातात, ते याहून वेगळे काय आहे? पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात या परंपरेतील चित्रे आहेत. आपल्या कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्यांतही मजकूर आणि चित्र एकाच पानावर शेजारी नांदतात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत जैन हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे आणि हिरालाल रसिकदास कापडिया यांनी तयार केलेली त्याची वर्णनात्मक सूची अभ्यासकांना सुपरिचित आहे. शब्द आणि चित्र मिळून कथा सांगण्याचा संस्कार या समाजाला शतकानुशतकांचा आहे. बदलले आहे ते केवळ साधन.

साधने मोफत वाटण्याची परंपराही पुण्याला नवी नाही. आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवण्याच्या शेकडो छोट्या चित्रफिती केल्या, अनेक भाषांत त्या उपलब्ध करून दिल्या आणि हजारो पुस्तके कोणालाही उतरवून घेता यावीत म्हणून खुली ठेवली. बालभारतीने पाठ्यपुस्तके महाजालावर मोफत ठेवली आहेत, आणि १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही वाचनासाठी खुले केले आहेत. मुलांना चांगली गोष्ट कशी लिहितात हे दाखवायचे असेल, तर 'किशोर'चे हे अंक हाच पहिला पाठ ठरावा.

पाच दाणे

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. समजा, आठवी-नववीतील मुलीला आजीच्या तोंडून पानशेतची गोष्ट करायची आहे. तिला लागणारी पाचही साधने मोफत आहेत.

पहिला दाणा अक्षरांचा. एकेकाळी संगणकावरील प्रत्येक मराठी फॉन्टची सांकेतिक रचना निराळी असे. एका यंत्रावर लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की अगम्य चिन्हे दिसत. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणासाठी मोठे काम केले आहे. आज युनिकोडमुळे तो घोळ संपला आहे. फोनवर मराठी कळफलक आहे, आणि बोललेले ऐकून टंकलिखित करणारी सोयही आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले 'मुक्ता' आणि 'बलू' हे सुबक फॉन्ट मुक्त परवान्याखाली मिळतात. आजीचे बोलणे नोंदवून झाले की त्यातील नेमका भाग निवडून सुमारे साडेतीनशे शब्दांची संहिता लिहावी. सावकाश वाचल्यास ती तीन मिनिटांत बसते. ही मर्यादा कटाक्षाने पाळावी, कारण मर्यादा असली की काय गाळायचे हे कळते.

दुसरा दाणा आवाजाचा. ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर २००० सालापासून मोफत आहे आणि साध्या संगणकावरही चालते. नोंद फोनवरच करावी. पंखा बंद करावा, गाद्या-उशा असलेली खोली निवडावी, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवावा. आरंभी दहा सेकंद कोणी काहीच बोलू नये. त्या शांततेतील घरघर ऑडॅसिटीला नमुना म्हणून दाखवली की तशी घरघर ते पूर्ण नोंदीतून बरीचशी कमी करते. मूळ नोंद मात्र जशीच्या तशी वेगळी जपून ठेवावी. तीन मिनिटांच्या गोष्टीपेक्षा ती तासाभराची नोंद पुढे घराला अधिक मोलाची वाटेल.

प्रश्न कसे विचारावेत, हेही महत्त्वाचे. "पूर कसा होता?" असे विचारले तर "फार मोठा होता" एवढेच उत्तर येते. "त्या दिवशी सकाळी घरात काय चालले होते? तुझ्या अंगावर कोणते कपडे होते? परत आल्यावर सर्वांत आधी काय शोधले?" असे विचारले की आठवण उलगडू लागते. आजी मध्येच थांबली तर तिला थांबू द्यावे. घाईने पुढचा प्रश्न विचारू नये.

तिसरा दाणा चित्रांचा. तीन मिनिटांना बारा ते पंधरा चित्रे पुरतात. घरातील जुने छायाचित्र खिडकीजवळ, थेट ऊन न पडेल अशा जागी सपाट ठेवून वरून फोनने टिपावे. छायाचित्र सुधारण्यासाठी गिंप आणि रेखाटनासाठी इंकस्केप ही दोन्ही सॉफ्टवेअरे मोफत आहेत. जेथे छायाचित्र नाही तेथे मुलीने स्वतः कागदावर चित्र काढावे. वाड्याच्या जिन्याचे तिने काढलेले वेडेवाकडे चित्र आजीने पाहून दुरुस्त केले, तर तेही गोष्टीचाच भाग होते. शहराची, नदीची, पुलाची चित्रे विकिमीडिया कॉमन्सवर शोधता येतात.

चौथा दाणा जोडणीचा. ओपनशॉट किंवा शॉटकट यांपैकी एकात आवाजाची पट्टी खाली आणि चित्रे वर मांडली की चित्रफीत तयार होते. काही सॉफ्टवेअरांत मराठी जोडाक्षरे फुटतात, मात्रा भलतीकडे जातात. त्यावर सोपा उपाय आहे. शीर्षकाचे पान लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये तयार करून ते चित्र म्हणून जतन करावे आणि तेच चित्र चित्रफितीत घालावे. अक्षरे अखंड राहतात. धाकट्या भावंडांना चित्रफितीऐवजी हलत्या-बोलत्या पात्रांची गोष्ट करायची असेल, तर अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ पासून मोफत ठेवलेले स्क्रॅच आहे. रंगीत ठोकळे एकमेकांत बसवून पात्रांना चालवता-बोलवता येते, आणि खेळता खेळता संगणकाला सूचना देण्याचे तर्कशास्त्र अंगी मुरते.

पाचवा दाणा पुस्तकाचा. प्रथम बुक्स या संस्थेने ८ सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनी, स्टोरीवीव्हर हे व्यासपीठ सुरू केले. आज त्यावर तीनशेहून अधिक भाषांतील हजारो बालकथा आहेत, त्यांत मराठीही भरपूर आहेत. चार वाचनपातळ्यांत त्यांची विभागणी केलेली आहे. त्या वाचता येतात, उतरवून छापता येतात, दुसऱ्या भाषेत नेता येतात, आणि तेथील चित्रसंग्रहातून चित्रे निवडून स्वतःचे नवे पुस्तकही तयार करता येते. एखाद्या मराठी कथेचे आजीच्या मदतीने गुजरातीत वा मारवाडीत भाषांतर करणे, हा सुटीतील दोन दुपारांचा किती सुंदर उद्योग होईल!

मोफत म्हणजे नेमके काय?

येथे घरातील वडीलधाऱ्यांनी थोडे लक्ष घालणे आवश्यक आहे. 'मोफत' या एका शब्दाखाली तीन निरनिराळे व्यवहार येतात.

पहिला प्रकार मुक्तस्रोत साधनांचा. ऑडॅसिटी, लिबरऑफिस, गिंप, इंकस्केप, ओपनशॉट आणि शॉटकट ही त्यातली. त्यांची मुदत संपत नाही आणि तयार कामावर कोणाचा शिक्का उमटत नाही. ती त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावीत. अन्यत्र त्याच नावाखाली भलतेच काही संगणकात शिरते.

दुसरा प्रकार मर्यादित मोफतचा. कॅन्व्हासारख्या साधनात बराच भाग विनामूल्य असतो, काही चित्रे व सोयी सशुल्क असतात. पात्र शाळांतील शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी त्याची शैक्षणिक आवृत्ती मोफत आहे. शाळेने त्यासाठी अर्ज करावा. अन्य काही साधने काही दिवस मोफत चालतात आणि आरंभीच कार्डाचा क्रमांक किंवा स्वयंचलित वजावटीची संमती मागतात. मुदत संपल्यावर रक्कम आपोआप वजा होऊ लागते. विद्यार्थ्याच्या गोष्टीसाठी असे कोणतेही साधन लागत नाही. कार्ड मागितले की तेथूनच परत फिरावे.

तिसऱ्या प्रकारात पैसे घेत नाहीत, पण जाहिराती दाखवतात आणि माहिती गोळा करतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती मूल समजली जाते, आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती अपेक्षित आहे. म्हणून खाते पालकांनी उघडावे. गोष्टीत मुलाचे पूर्ण नाव, शाळा, घराचा पत्ता किंवा गणवेशातील छायाचित्र येऊ देऊ नये. गोष्ट घरच्या व आप्तांच्या गटापुरतीच ठेवली, तरी तिचे मोल कमी होत नाही.

दिलेले आणि न दिलेले

अणुव्रतांपैकी तिसऱ्याचे नाव अदत्तादान-विरमण. अदत्त म्हणजे न दिलेले. ते न घेणे, हे व्रत. महाजालावर दिसणारे प्रत्येक चित्र आणि ऐकू येणारे प्रत्येक गीत समोर आहे म्हणजे दिलेले आहे, असा समज सर्वत्र रूढ झाला आहे. शाळेच्या प्रकल्पात कोठून तरी उचललेले चित्र चिकटवताना मुलाला काहीच खटकत नाही, कारण घरातील मोठ्यांनाही ते खटकत नाही. डोळ्यांना दिसणारी वस्तू हातात घेण्यास आडकाठी नसली, म्हणजे ती घेण्याची परवानगी आहे असे होत नाही.

भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाचा स्वामित्व हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. 'किशोर'चे अंक वाचनासाठी खुले आहेत, पण त्यातील चित्र उचलून आपल्या पुस्तकात घालण्याची परवानगी त्यातून आपोआप मिळत नाही. याउलट काही निर्माते आपण होऊन देतात. २००१ मध्ये स्थापन झालेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे परवाने म्हणजे अशा दानाचे दानपत्रच आहे. काही परवान्यांत फक्त निर्मात्याचे नाव देण्याची अट असते. काहींत व्यापारी उपयोग करू नये असे असते. काहींत बदल करू नये किंवा आपलीही कृती तशीच खुली ठेवावी असे असते. स्टोरीवीव्हरवरील बहुतेक साहित्य पहिल्या प्रकारात येते. नाव द्या आणि वापरा.

म्हणून चित्रफितीच्या अखेरीस एक पान ऋणनिर्देशाचे असावे. कोणते चित्र कोणाचे, कोणत्या परवान्याने घेतले, आठवण कोणाची, आवाज कोणाचा. बाराव्या वर्षी ही सवय लागली, तर पुढे महाविद्यालयातील प्रबंधात दुसऱ्याचे उतारे स्वतःचे म्हणून घालण्याची बुद्धी होणार नाही. आजीची आठवण हीसुद्धा आजीची मालमत्ता आहे. नोंद करण्यापूर्वी तिला विचारावे, आणि कोणाला दाखवण्यापूर्वी तयार गोष्ट तिला ऐकवावी. "हे एवढे नको," असे ती म्हणाली, तर ते एवढे गाळावे. तो प्रसंग गोष्टीतला सर्वांत उत्कट असला, तरीही.

दुसरे अणुव्रत सत्याचे. शब्दांतून चित्र निर्माण करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही आज मोफत मिळतात. परीकथेसाठी ती वापरण्यास हरकत नसावी. पण पानशेतच्या गोष्टीत यंत्राने रचलेले पुराचे चित्र घातले आणि ते खऱ्या छायाचित्रासारखे दिसले, तर पाहणाऱ्याची फसवणूक होते. दहा वर्षांनी त्याच घरातील नातवंडे ते खरे मानतील. असे चित्र वापरलेच, तर त्यावर 'काल्पनिक चित्र' असे ठळक लिहावे. एरवी मुलीच्या हाताने काढलेला तो वेडावाकडा जिनाच बरा.

आरंभ कोठे करावा?

शाळेने प्रकल्प देण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पाठशाळेतील दहा मुले आणि उपाश्रयात नित्य येणारी दहा आजी-आजोबा एवढी सामग्री प्रत्येक संघापाशी आहे. चातुर्मासाच्या चार महिन्यांत प्रत्येक मुलाने एका ज्येष्ठाची एक गोष्ट करायची, असे ठरवता येईल. पहिला महिना ऐकण्याचा, दुसरा लिहिण्याचा, तिसरा आवाज आणि चित्रांचा, चौथा जोडणीचा. संगणक येत असलेला एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी आणि शुद्धलेखन तपासणारी एखादी निवृत्त शिक्षिका सोबतीला असली की पुरे. ज्ञानपंचमीस आपण पोथ्यांचे पूजन करतो. त्या दिवशी या दहा गोष्टी संघासमोर दाखवाव्यात, आणि त्यांच्या मूळ नोंदी दोन निरनिराळ्या ठिकाणी जतन करून ठेवाव्यात. आपले ज्ञानभांडार पूर्वी असेच घडत गेले. कोणी लिहिले, कोणी लिहविले, कोणी सांभाळले.

पहिल्या प्रयत्नात आवाज फाटेल, चित्र हलेल, एखादे जोडाक्षर फुटेल. रोहिणीच्या शेतातही पहिल्या वर्षी मूठभरच पीक आले होते. तेच पुन्हा पेरत गेल्यावर पाचव्या वर्षी गाड्या भरल्या. साधने घरोघरी आलेली आहेत आणि ज्यांच्यापाशी गोष्टी आहेत ते ज्येष्ठही घरातच आहेत. या रविवारी पंखा बंद करून, फोन समोर ठेवून, आजीला एक प्रश्न तेवढा विचारायचा आहे.